औषध तेच, कुत्रा वेगळा

औषधाची मात्रा कशावरून ठरते, असा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक विद्यार्थी 'वजनावरून' किंवा 'वयावरून' असे उत्तर देतील. हे उत्तर चुकीचे नाही. लहान मुलाला अर्धी गोळी आणि मोठ्या माणसाला पूर्ण, हे आपण घरोघरी पाहतो. जनावरांच्या औषधांवरही 'दर किलोग्रॅम वजनामागे इतके' असेच लिहिलेले असते.

आता समजा, वीस-वीस किलो वजनाचे दोन कुत्रे आहेत. दोघांनाही लूत झाली आहे. दोघांना एकाच बाटलीतील औषध, सारख्याच प्रमाणात, एकाच दिवशी टोचले. पहिल्या कुत्र्याचे खाजवणे काही दिवसांत कमी झाले. दुसरा मात्र काही तासांतच झोकांड्या देऊ लागला. त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, त्याला दिसेनासे झाले आणि शेवटी तो बेशुद्ध पडला. वजन तेच, औषध तेच, मात्रा तीच. मग असे का व्हावे?

हे दोन कुत्रे आपल्या कल्पनेतले असले तरी प्रश्न काल्पनिक नाही. १९८० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील आणि इंग्लंडमधील पशुवैद्यांपुढे तो खरोखरच उभा राहिला. त्याचे पूर्ण उत्तर मिळायला सुमारे वीस वर्षे लागली. या वीस वर्षांचा इतिहास आपण येथे पाहणार आहोत. पाळीव प्राण्याला औषध देताना कोणती काळजी घ्यावी हे तर त्यातून कळतेच, शिवाय 'सुरक्षित औषध' या शब्दांचा नेमका अर्थ काय, हेही कळते.

मातीतून आलेले औषध

या कथेतील औषधाचे नाव आहे आयव्हरमेक्टिन. त्याचा उगम जपानमधील मातीत आहे.

सातोशी ओमुरा हे जपानी रसायनशास्त्रज्ञ. शिक्षक वाचकांना हे कळून आनंद होईल, की संशोधनाकडे वळण्यापूर्वी ते टोकियोतील एका रात्रशाळेत विज्ञान शिकवत असत. दिवसभर कारखान्यात राबून, हाताला तेलाचे डाग तसेच घेऊन येणारी मुले पाहून आपणही अधिक शिकले पाहिजे असे वाटले, ही आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. टोकियोतील कितासातो संस्थेत ओमुरा मातीतील सूक्ष्मजीवांचा अभ्यास करीत. मातीतले जीवाणू आपापसातील झगड्यात अनेक रसायने तयार करतात. त्यांपैकी एखादे आपल्या उपयोगी पडेल, या आशेने ते ठिकठिकाणची माती गोळा करत आणि त्यातील जीवाणू वाढवून पाहत.

१९७३ मध्ये कितासातो संस्था आणि अमेरिकेतील मर्क ही औषध कंपनी यांच्यात सहकार्याचा करार झाला. ओमुरांनी निवडलेले जीवाणू मर्कच्या न्यू जर्सीतील प्रयोगशाळेकडे जाऊ लागले. तेथे विल्यम कॅम्पबेल हे आयर्लंडमध्ये जन्मलेले परजीवीशास्त्रज्ञ काम करत होते. पोटात जंत असलेल्या उंदरांना या जीवाणूंच्या वाढीचे द्रव खाऊ घालायचे आणि जंत मरतात का ते पाहायचे, अशी साधी चाचणी होती. जपानमधील इतो शहराजवळच्या कावाना येथे एका गोल्फ मैदानालगतच्या मातीतून मिळालेल्या जीवाणूने या चाचणीत बाजी मारली. त्याने बनविलेल्या रसायनाला 'अव्हरमेक्टिन' असे नाव मिळाले. त्यात थोडा रासायनिक बदल करून अधिक प्रभावी आणि अधिक सुरक्षित असे आयव्हरमेक्टिन तयार झाले.

१९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आले. गाई, मेंढ्या, घोडे यांच्या पोटातील जंत आणि कातडीवरील लूत, अशा आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही शत्रूंवर ते चाले, आणि तेही अगदी अल्प मात्रेत. गाईसाठी ही मात्रा दर किलो वजनामागे २०० मायक्रोग्रॅम असते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. म्हणजे ३०० किलोच्या गाईला अवघे ६० मिलिग्रॅम औषध पुरते.

पुढे हेच औषध माणसांच्याही कामी आले. आफ्रिकेत काळ्या माशीच्या चाव्यातून पसरणारा 'नदीकाठचे अंधत्व' नावाचा रोग आहे. त्यावर ते विलक्षण गुणकारी ठरले आणि १९८७ मध्ये मर्कने या रोगासाठी ते मोफत देण्याचे जाहीर केले. २०१५ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग ओमुरा आणि कॅम्पबेल यांना मिळाला. एवढ्या मोठ्या योग्यतेचे हे औषध आहे, ही गोष्ट पुढचे वाचताना विसरायची नाही.

कोलीचे कोडे

बाजारात आलेले औषध गाई-घोड्यांसाठी होते. पण त्यावेळी कुत्र्यांच्या काही प्रकारच्या लुतीवर चांगला उपाय हाताशी नव्हता. साहजिकच अनेकांनी हे औषध कुत्र्यांवर वापरून पाहिले. बहुतेक कुत्र्यांना काही झाले नाही, उलट गुण आला. मात्र १९८३ च्या सुमारास पशुवैद्यकाच्या नियतकालिकांत वेगळ्या नोंदी दिसू लागल्या. काही कुत्रे औषधानंतर बेशुद्ध पडत होते, काही मरत होते. आणि अशा कुत्र्यांमध्ये एका जातीचे नाव पुन्हा पुन्हा येत होते: कोली.

कोली म्हणजे स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधील मेंढपाळांचा कुत्रा. लांब मुस्कट, दाट केस आणि बहुधा पांढरे पाय. 'लॅसी' या चित्रपटांतील प्रसिद्ध कुत्रा याच जातीचा. 'औषध चुकून जास्त दिले गेले असेल', 'कुत्रा आधीच आजारी असेल', 'इंजेक्शनच्या द्रवात काही दोष असेल' अशी उत्तरे सुचणे स्वाभाविक होते, आणि ती देऊन प्रकरण मिटवता आले असते. तसे झाले नाही. नोंदी साठत गेल्या आणि मोजूनमापून निरीक्षणे सुरू झाली. त्यांतून दिसले, की काटेकोर मात्रा दिली तरी काही कोलींना गंभीर विषबाधा होते. सर्व कोलींना नव्हे, काहींनाच! एकाच जातीच्या, एकसारख्या दिसणाऱ्या दोन कुत्र्यांपैकी एकाला काहीच होत नसे आणि दुसरा मरणाच्या दारात जात असे.

'पांढरे पाय दिसले, की हे औषध टाळा' असा सोपा नियम इंग्रजी बोलणाऱ्या पशुवैद्यांमध्ये रूढ झाला. नियम उपयोगी होता. त्याने अनेक कुत्र्यांचे प्राण वाचले असतील. पण तो कारण सांगत नव्हता. पायाचा रंग आणि मेंदूवरचा परिणाम यांचा संबंध काय?

मेंदूचा पहारेकरी

आता हे औषध काम कसे करते ते पाहू. जंत, कीटक आणि लूत उत्पन्न करणारे सूक्ष्म किडे यांच्या मज्जापेशींवर व स्नायूंवर एक विशिष्ट प्रकारची दारे असतात. ती उघडली की क्लोराइडचे आयन आत शिरतात आणि पेशी शांत होते. आयव्हरमेक्टिन ही दारे उघडी ठेवते. पेशी कायमची शांत होते, किडा लुळा पडतो आणि मरतो. नेमकी या प्रकारची दारे सस्तन प्राण्यांत नसतात. त्यामुळे जंत मरतो आणि गाय सुखरूप राहते.

पण त्यांच्या नात्यातली, थोडी वेगळी दारे आपल्या मेंदूत असतात. औषध तेथे पुरेशा प्रमाणात पोहोचले तर त्यांच्यावरही परिणाम होतो. मग एरवी तो का होत नाही? कारण मेंदूतील केशवाहिन्यांची भिंत इतर ठिकाणच्यापेक्षा फार घट्ट विणलेली असते. रक्तातील बऱ्याच पदार्थांना ती आत येऊ देत नाही. परंतु आयव्हरमेक्टिन स्निग्ध पदार्थात विरघळणारे आहे. असे पदार्थ पेशींच्या स्निग्ध पटलातून सहज झिरपतात. केवळ भिंत त्यांना अडवू शकणार नाही. म्हणजे भिंतीबरोबर एखादा पहारेकरीही असला पाहिजे.

तो पहारेकरी एका वेगळ्याच संशोधनात आधीच सापडला होता. १९७६ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे ज्युलियानो आणि लिंग हे दोन शास्त्रज्ञ, काही पेशी विषारी औषधांना दाद का देत नाहीत, याचा शोध घेत होते. अशा पेशींच्या पटलावर त्यांना एक प्रथिन आढळले. त्याला त्यांनी पी-ग्लायकोप्रोटीन असे नाव दिले. हे प्रथिन म्हणजे जणू एक पंप आहे. पेशीत शिरलेले परके रसायन पकडून ते पुन्हा बाहेर फेकते. कर्करोगाच्या पेशी याच पंपाच्या जोरावर औषधांना चकवतात. पण निरोगी शरीरात या पंपाचे काम काय, हे त्यावेळी स्पष्ट नव्हते.

ॲमस्टरडॅममधील उंदीर

ते काम शोधण्यासाठी ॲमस्टरडॅममधील नेदरलँड्स कर्करोग संस्थेत आल्फ्रेड शिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. हा पंप बनविण्याची माहिती ज्या जनुकात असते, ते जनुक निकामी केलेले उंदीर त्यांनी तयार केले. हे उंदीर अगदी धडधाकट निघाले. ते खात-पीत होते, त्यांना पिले होत होती. पंपावाचून त्यांचे काही अडत नाही असेच दिसत होते.

आणि मग प्राणिगृहात सूक्ष्म किड्यांचा उपद्रव झाला. नेहमीचा उपाय म्हणून सर्व उंदरांवर आयव्हरमेक्टिन फवारण्यात आले. सामान्य उंदरांना काही झाले नाही. ज्यांचे हे जनुक पूर्णपणे निकामी होते, ते उंदीर मात्र जवळजवळ सगळे मेले.

पिंजरे साफ करून, नवे उंदीर आणून काम पुढे चालू ठेवता आले असते. संशोधकांनी तसे न करता त्या मरणाचीच तपासणी केली. पंप नसलेले उंदीर आयव्हरमेक्टिनला सामान्य उंदरांपेक्षा सुमारे शंभर पट अधिक संवेदनशील होते आणि त्यांच्या मेंदूत औषध प्रचंड प्रमाणात साठले होते. १९९४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेंदूच्या केशवाहिन्यांवर पहारा करणारा तो हाच पंप होता. कर्करोगाच्या अभ्यासासाठी तयार केलेल्या उंदरांनी पशुवैद्यांच्या कोड्याची किल्ली दिली होती.

चार अक्षरांची गळती

आता कोलीमध्येही हाच पंप बिघडलेला असेल, असा तर्क करता येत होता. तो सिद्ध केला अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या कॅट्रिना मीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००१ मध्ये. औषध न सोसणाऱ्या कोलींच्या त्या जनुकातून डीएनएची फक्त चार अक्षरे गळालेली होती.

हजारो अक्षरांतून चार गळाल्याने एवढा अनर्थ कसा होईल? हे वर्गात फळ्यावर सहज दाखवता येते. डीएनएचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो. म्हणून तीन-तीन अक्षरी शब्दांचे एक वाक्य घेऊ:

मदन घरात गरम भाकरी करतो.

यातून 'घरात' ही तीन अक्षरे गाळली तर 'मदन गरम भाकरी करतो' असे उरते. माहिती थोडी कमी झाली, पण वाक्य शाबूत आहे. आता तीनऐवजी चार अक्षरे गाळा, म्हणजे 'घरात' आणि त्यापुढचा 'ग', आणि उरलेली अक्षरे पुन्हा तिनाच्या गटांनी वाचा:

मदन रमभा करीक रतो.

गळतीनंतरचे सारेच निरर्थक झाले! कोलीच्या जनुकात हेच घडले. शिवाय या निरर्थक मजकुरात लवकरच 'येथे थांबा' असा संकेत येतो आणि प्रथिनाची बांधणी अगदी सुरुवातीलाच तुटते. पंप तयारच होत नाही.

एका जातीतले काहीच कुत्रे का आजारी पडत, याचेही उत्तर यात आहे. प्रत्येक कुत्र्याला हे जनुक आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन प्रतींत मिळते. दोन्ही प्रती सदोष असतील तर पंप मुळीच नसतो. एक चांगली असेल तर काम बरेचसे भागते, तरी असा कुत्रा थोडा अधिक संवेदनशील असू शकतो. दोन्ही चांगल्या असतील, तर तो कोली असूनही इतर कुत्र्यांसारखाच. पांढऱ्या पायांचा यात काही दोष नव्हता. ती फक्त त्या घराण्याची एक खूण होती.

ते घराणे किती जुने आहे, हे २००४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी शोधले. हीच चार अक्षरांची गळती त्यांना एकूण नऊ जातींच्या कुत्र्यांत आढळली. त्यांत मेंढपाळ कुत्रे तर होतेच, पण शिकारी कुत्र्यांच्या वर्गातील दोन लांब केसांच्या जातीही होत्या. बाहेरून पाहून त्यांच्यात कोलीचे रक्त असेल, असे कोणाला वाटले नसते. या साऱ्या कुत्र्यांतील सदोष जनुक ब्रिटनमधील एकाच पूर्वजाकडून आले असून तो १८७३ च्या आधी होऊन गेला असावा, असा निष्कर्ष निघाला. १८७३ हे लंडनमध्ये केनेल क्लबची स्थापना झाल्याचे वर्ष. त्यानंतर जातींच्या नोंदी ठेवणे सुरू झाले आणि नोंदलेल्या कुत्र्यांचा आपसातच संकर होऊ लागला. देखणे आणि हुशार कुत्रे निवडता निवडता, कोणाच्याही नकळत, हा दोषही पिढ्यान्‌पिढ्या निवडला गेला. अमेरिकेतील सुमारे ७० टक्के कोलींमध्ये या सदोष जनुकाची निदान एक प्रत असते.

बाटलीवरचे गणित

मग अशा कुत्र्यांना हे औषध कधीच चालत नाही का? येथे कथेला आणखी एक वळण आहे. कुत्र्यांच्या हृदयात डासांमार्फत पसरणारे कृमी होतात. ते होऊ नयेत म्हणून महिन्यातून एकदा द्यावयाची आयव्हरमेक्टिनची गोळी १९८७ मध्ये अमेरिकेत निघाली. तिची मात्रा दर किलोमागे केवळ ६ मायक्रोग्रॅम. एवढी मात्रा पंप नसलेल्या कोलीलाही सोसते. त्याला गंभीर विषबाधा होते ती साधारण १०० मायक्रोग्रॅमच्या पुढे.

आता विद्यार्थ्यांना एक गणित घालू. गाईगुरांसाठीच्या एक टक्का इंजेक्शनात दर मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम आयव्हरमेक्टिन असते. १० किलोच्या कुत्र्याला किलोमागे ६ मायक्रोग्रॅम द्यायचे तर या बाटलीतले किती द्रव लागेल? उत्तर येते ०.००६ मिलिलिटर. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा धरला तर हे थेंबाच्या आठव्या भागापेक्षाही कमी झाले. ते घरी कोणत्या सिरिंजने मोजणार? याच बाटलीतले दोन थेंब त्या कुत्र्याच्या पोटात गेले तर मात्रा होते किलोमागे १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे संवेदनशील कुत्र्याच्या बाबतीत प्रतिबंध आणि विषबाधा यांत फक्त दोन थेंबांचे अंतर आहे. शेजाऱ्याच्या गोठ्यातून उरलेले औषध आणून कुत्र्याला देणे किती धोक्याचे आहे, हे या साध्या भागाकारातून दिसते. विषबाधा झाल्यावर देण्याजोगा नेमका उतारा या औषधाला नाही. पशुवैद्याकडे नेऊन दिवसेंदिवस, कधी आठवडेही, शुश्रूषा करावी लागते.

उलट दिशेनेही हेच खरे आहे. करोनाच्या साथीत, २०२१ मध्ये, अमेरिकेत काही लोकांनी घोड्यांसाठीचे आयव्हरमेक्टिन स्वतः घेतले आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

हा पंप केवळ एका औषधाचा पहारेकरी नाही. जुलाब थांबवण्यासाठी माणसे घेतात ते लोपेरामाइड मुळात अफूच्या गुणधर्माचे आहे. आपल्याला त्याची गुंगी येत नाही, कारण हाच पंप ते मेंदूबाहेर ठेवतो. पंप नसलेल्या कुत्र्याला माणसाची ही साधी गोळी दिली तर तो गुंगीत पडतो.

मांजराचे यकृत

कुत्र्याचे आपण पाहिले. मांजराची गोष्ट वेगळी, पण धडा तोच. ताप आला की आपण पॅरासिटामॉल घेतो. आपले यकृत त्याला एक प्रकारची शर्करा जोडून ते निरुपद्रवी करते आणि शरीराबाहेर काढून टाकते. ही जोडणी करणारे जे मुख्य विकर आहे, त्याचे जनुक मांजरात निकामी असल्याचे २००० मध्ये दिसून आले. केवळ घरच्या मांजरातच नव्हे, तर मार्जारकुळातील इतर प्राण्यांतही ते तसेच असते. त्यामुळे मांजराच्या शरीरात पॅरासिटामॉलपासून विषारी पदार्थ तयार होतात, रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप बदलते आणि ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, श्वास लागतो. ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कोलीत दोष काही कुत्र्यांत असतो, मांजरात तो साऱ्या कुळाचाच आहे. 'लहान जीव आहे, पाव गोळी देऊ' हा वजनाचा हिशेब येथे उपयोगी पडत नाही. तसेच कुत्र्याच्या पिसवा-गोचिडांसाठीची परमेथ्रिन असलेली औषधे मांजराला विषारी असतात.

म्हणून काही गोष्टी पाळायलाच हव्यात. पाळीव प्राण्याला औषध द्यायचे ते त्याच प्राण्यासाठी, पशुवैद्याला विचारून. त्याचे वजन अंदाजाने न सांगता तराजूवर करायचे. त्याची जात ठाऊक असेल तर सांगायची, आणि संकरित असेल तर तेही. पूर्वी एखादे औषध सोसले नसेल तर ते लिहून ठेवायचे. मेंढपाळ जातींच्या कुत्र्यांसाठी आता जनुकचाचणीही उपलब्ध आहे. गालाच्या आतून बोळा फिरवून घेतलेल्या पेशी तिला पुरतात. आणि चुकून काही पोटात गेलेच, तर लक्षणांची वाट न पाहता औषधाचे वेष्टन बरोबर घेऊन दवाखाना गाठायचा.

अपवादाचे मोल

२०२० मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी एका तेरा वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. आयव्हरमेक्टिनची नेहमीची एकच मात्रा घेतल्यावर तो काही तासांतच बेशुद्ध झाला होता. कोट्यवधी माणसांनी निर्धोकपणे घेतलेले हे औषध त्याला का बाधले? डॉक्टरांनी त्याचे जनुक तपासले. पंपाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या. तो मुलगा सुदैवाने बरा झाला. जनुक कोणते तपासायचे, हे डॉक्टरांना ठाऊक होते. ते ठाऊक होण्यामागे ॲमस्टरडॅममधले उंदीर होते आणि त्यापूर्वी बेशुद्ध पडलेले, मेलेले कोली होते.

'औषध सुरक्षित आहे' हे वाक्य अपुरे आहे, असे आम्हाला यावरून म्हणावेसे वाटते. कोणासाठी आणि किती मात्रेत, हे सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. आयव्हरमेक्टिन वाईट औषध नव्हते आणि कोलीही दुबळे कुत्रे नव्हते. धोका त्या दोघांच्या गाठीभेटीत होता. तो कळला, कारण हजार कुत्र्यांना जे बाधले नाही ते चार कुत्र्यांना का बाधले, हा प्रश्न कोणीतरी नोंदवून ठेवला. वर्गातील प्रयोगात एखाद्या विद्यार्थ्याचे उत्तर इतरांपेक्षा वेगळे आले, तर आपण बहुधा ते खोडायला सांगतो. पुढच्या वेळी खोडण्याआधी ते वहीत लिहून ठेवायला सांगू या आणि तोच प्रयोग पुन्हा करून पाहू या.